मिथिक टॅरो: ग्रीक देवांची अठ्ठ्याहत्तर पानं, चार वर्षं वापरल्यावर

मिथिक टॅरोचा, म्हणजे भविष्य पाहायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, संच माझ्याकडे येऊन या श्रावणात चार वर्षं होतील. पानांच्या कडा मऊ पडल्यात, डब्याचं झाकण एका कोपऱ्यात उसवलंय आणि सोबतच्या पुस्तकाला मी दुसऱ्यांदा ब्राऊन पेपरचं कव्हर घातलंय. मी पैसे घेऊन कुणाचं भविष्य सांगत नाही. रविवारी दुपारी मागचं आवरून झालं की पानं पिसते, एक काढते, त्या पानाची गोष्ट पुन्हा वाचते आणि वहीत चार ओळी लिहिते. अशा दोन वह्या भरल्या. त्यांच्या आधारावर हे लिहितेय.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. ज्युलिएट शर्मन-बर्क आणि लिझ ग्रीन या दोघींनी रचलेला हा संच पहिल्यांदा १९८६ साली आला. चित्रं ट्रिशिया न्यूवेल यांची. लिझ ग्रीन मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या परंपरेतल्या मानसविश्लेषक आणि ज्योतिषी आहेत, आणि त्याची छाप पुस्तकाच्या पानापानावर आहे: देव हे बाहेरून येऊन वर देणारे नाहीत, आपल्याच मनातल्या ओढी आहेत, असं हे पुस्तक धरून चालतं. २००८ मध्ये जोवान्नी कासेल्ली यांनी नव्याने काढलेल्या चित्रांचा संचही निघाला. माझ्याकडचा जुन्या चित्रांचा आहे आणि मी त्याबद्दलच बोलतेय. टॅरोची नेहमीची अठ्ठ्याहत्तर पानं इथेही आहेत. बावीस मोठी, ज्यांना मेजर अर्काना म्हणतात, आणि छप्पन छोटी. फरक एवढाच की प्रत्येक पानावर ग्रीक पुराणातलं कुणीतरी बसवलंय.

विकत घेताना मी एकदा फसले, ते आधीच सांगून टाकते. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे निम्म्या किमतीत दिसला म्हणून मागवला. आला तो नकली. पानं पातळ, एकमेकांना चिकटणारी, रंगांवर करडी झाक, आणि पुस्तकाच्या जागी मोबाइलने स्कॅन करायची एक चिठ्ठी. परत घ्यायला त्याने तीन आठवडे लावले. टॅरोच्या बाबतीत हे सर्रास चालतं. म्हणून किंमत फारच कमी असेल आणि वर्णनात छापील पुस्तकाचा उल्लेख नसेल, तर घेऊ नका. या संचात पुस्तक नसेल तर हाती नुसती चित्रं उरतात. मला खरा संच शेवटी पुण्यातच, जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका काकांकडे मिळाला. आधीच्या मालकाने पुस्तकात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्या मी खोडल्या नाहीत.

मी मूळची सावंतवाडीची. आजोबांच्या लाकडी पेटीत गंजिफांचा एक अर्धामुर्धा संच होता. दशावतारी गंजिफा, गोल, लाखेचा मुलामा दिलेल्या. पूर्ण संच एकशेवीस पानांचा असतो: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दहा. आमच्याकडे त्यातली एकोणनव्वद उरली होती. खेळायला चौथी-पाचवीतली मी आणि आजोबा, आणि नियम त्यांनाच अर्धे आठवायचे. दिवसा खेळलं तर रामाने सुरुवात करायची, रात्री कृष्णाने, एवढं मात्र पक्कं होतं. एकदा मी अंथरुणावर सांडलेल्या पानांवरून चालत गेले तेव्हा ते म्हणाले, "देव आसत ते, पाय लावू नको गो." त्याच पानांनी पाच मिनिटांनी आम्ही हारजीत करत होतो. देव पत्त्यावर असावा, त्याला पिसावं, वाटावं, त्याने दुसऱ्याला मारावं, यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. त्यामुळे टॅरोवर पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माबाहेरचे जुने देव आहेत म्हणून कुणी बिचकतं किंवा उलट त्यात काहीतरी गूढ, प्राचीन, लपवून ठेवलेलं शोधतं, तेव्हा मला पहिल्यांदा आजोबांची पेटी आठवते.

आणि खरी हकीगत त्या पेटीच्या जवळचीच आहे. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून जन्मला. चार रंगांच्या नेहमीच्या पत्त्यांत वरचढ पानांची एक पाचवी रांग घातली, म्हणजे आपल्या भाषेत हुकमाची पानं. या पानांवर पोप, सम्राट, मृत्यू, न्याय, चंद्र, सूर्य अशी त्या काळच्या ख्रिस्ती शहरात मिरवणुकीत दिसतील अशी चित्रं होती. मग देव कुठून आले? तर ते त्याही आधी एकदा पत्त्यांवर येऊन गेले होते. मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती याने आपल्या पदरच्या मार्झियानो दा तोर्तोना या विद्वानाकडून एक खेळ रचून घेतला आणि मिकेलिनो दा बेझोझ्झो या चित्रकाराकडून तो रंगवून घेतला. काळ साधारण १४२५ किंवा त्याच्या थोडा आधीचा. त्यात सोळा देवता होत्या: ज्युपिटर, जूनो, पॅलस, व्हीनस, अपोलो, नेपच्यून, डायना, बॅकस, मर्क्युरी, मार्स, व्हेस्टा, सेरेस, हर्क्युलिस, एओलस, डॅफ्ने आणि क्युपिड. खालच्या पानांचे रंग म्हणजे पक्षी: गरुड, फिनिक्स, होला आणि पारवा. ड्यूकने त्यासाठी दीड हजार सुवर्णमुद्रा मोजल्याचं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. पानं हरवली. मार्झियानोने लिहिलेला मजकूर तेवढा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिल्लक आहे. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. सोळा देव, चार पक्षी, आणि एकही पान उरलं नाही. आमच्या पेटीतली एकोणनव्वद तरी होती.

इजिप्तची कथा मात्र नंतरची आणि उपरी आहे. १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेब्लां या गृहस्थाने छापलं की टॅरो हा इजिप्तच्या थोथ देवाचा ग्रंथ आहे, पुरोहितांनी पत्त्यांच्या वेषात दडवलेला. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. शाँपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ मध्ये. पण कल्पना इतकी मोहक होती की ती चिकटली, आणि आजही टॅरो शिकवणाऱ्या वर्गांत ती इतिहास म्हणून सांगितली जाते. मलाही तशीच सांगितली गेली होती. मी शिक्षिकेला साल विचारलं तेव्हा विषय बदलला.

या संचाचं पहिलं श्रेय हे की तो असला दावा करण्याच्या भरीस पडत नाही. ग्रीक देव या पानांत आधीपासून दडले होते, असं तो म्हणत नाही. तो पान आणि देव शेजारी ठेवतो. ते एकमेकांशी बोलतात का, हे आपण ऐकायचं. चार वर्षांनी मला वाटतं, जवळजवळ दोन तृतीयांश पानं बोलतात.

सगळ्यांत स्पष्ट बोलणारं पान मी आधी सांगते, कारण त्याच्यासाठी मी हा संच जपून ठेवणार आहे. एम्प्रेस, सम्राज्ञी. नेहमीच्या टॅरोत, म्हणजे १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सनने काढलेल्या संचात, ती गव्हाच्या शेतात गादीवर रेलून बसलेली असते, बाजूच्या ढालीवर व्हीनसचं चिन्ह. अर्थ सगळीकडे सारखा: समृद्धी, मातृत्व, सुख. मिथिक टॅरोने शेत ठेवलं, व्हीनसला तिथून उठवलं आणि डिमिटरला उभं केलं. धान्याची देवी. आणि तिच्याआधीचं पान, हाय प्रीस्टेस म्हणजे महापुजारीण, तिथे तिची मुलगी पर्सेफनी, पाताळात उतरणाऱ्या पायऱ्यांवर, हातात डाळिंब. दोन पानं शेजारी ठेवली की आई-मुलगी समोरासमोर येतात.

माझी मुलगी तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये हॅम्बर्गला गेली. शिकायला, स्वतःच्या हिमतीवर, आम्हा दोघांना आनंद होता. विमानतळावरून आल्यावर मी तिच्या खोलीतली चादर बदलली आणि त्यानंतर दीड महिना त्या खोलीत गेले नाही. एका रविवारी एम्प्रेसचं पान आलं. तोवर मी ते पान आलं की वहीत "भरभराट" असं लिहून मोकळी व्हायचे. त्या दिवशी पुस्तकातली गोष्ट नीट वाचली. मुलगी नेली गेल्यावर डिमिटर नऊ दिवस अन्नपाणी टाकून हिंडते, नंतर एलेफ्सिसला म्हातारीच्या रूपात विहिरीशी बसते आणि पृथ्वीवर एक दाणा उगवू देत नाही. भरभराटीची देवी तीच आणि दुष्काळाचीही तीच. शेवटी मुलगी परत येते, पण डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खालीच राहावं लागतं. होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रात तिसरा हिस्साच आहे. इथे नेणारा कुणी नव्हता, मुलगी आपल्या पायांनी गेली होती, तरीही मला माझी जागा त्या विहिरीपाशी सापडली. दुसऱ्या दिवशी मी ती खोली झाडली. पान भविष्य सांगतं की नाही यावर मी वाद घालणार नाही. त्या दिवशी त्या पानाने मला माझ्याच अवस्थेचं नाव सांगितलं.

नुसतं "एम्प्रेस म्हणजे शुक्र" म्हणून हे झालं नसतं. आपल्याकडे टॅरो शिकवताना ग्रहांची यादी पाठ करून घेतात. ती यादी गोल्डन डॉन या १८८८ साली लंडनमध्ये निघालेल्या गुप्त मंडळाची आहे. त्यांनी बावीस मोठ्या पानांना सात ग्रह, बारा राशी आणि तीन तत्त्वं वाटून दिली. जादूगार बुध, प्रीस्टेस चंद्र, एम्प्रेस शुक्र, चक्र गुरू, बुरूज मंगळ, सूर्य रवी आणि जग शनी. मराठी माणसाला हे लगेच ओळखीचं वाटतं, आणि तिथेच घसरायला होतं. त्यांचा व्हीनस म्हणजे समुद्रातून वर आलेली प्रेमदेवता. आपला शुक्र म्हणजे असुरांचे गुरू, संजीवनी जाणणारे शुक्राचार्य. त्यांचा चंद्र बाई, आपला पुरुष. आकाशातला गोळा एक, पण त्यावर राहणारं कुणी वेगळंच. मी वर्षभर एम्प्रेसचं पान पाहून मनात शुक्राचार्य आणत होते आणि पान का जमत नाही म्हणून स्वतःला दोष देत होते. मिथिक टॅरोने ग्रहांची ही वाटणी जवळपास सोडूनच दिली. जादूगाराच्या जागी हर्मीस मात्र जुळतो, कारण तो मर्क्युरीच. चक्रावर ज्युपिटरऐवजी सूत कातणाऱ्या, मोजणाऱ्या आणि कापणाऱ्या तिघी मोइराई, नियतीच्या देवी, येतात. बुरुजावर मार्सऐवजी मिनोस राजाची वास्तू पाडणारा पोसायडन. मला ही मोकळीक फार आवडली.

१९०९ च्या संचाशी तुलना करणं भाग आहे, कारण बहुतेकांच्या हातात तोच असतो. त्यामागची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि सगळी चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्या बाईंना या कामाचे फार थोडे पैसे मिळाले, पुढे त्या कॉर्नवॉलच्या ब्यूड गावी १९५१ मध्ये हलाखीत वारल्या आणि कित्येक दशकं संचाच्या नावात त्यांचं नावही नव्हतं. आता लोक ते घेऊ लागलेत, तुम्हीही घ्या. त्यांच्या चित्रांत देव आहेत, पण खुणांच्या रूपाने. प्रीस्टेसच्या डोक्यावर इजिप्तच्या हाथोर आणि आयसिस या देवींसारखा शिंगांमधला गोल, मागच्या पडद्यावर डाळिंबं. भाग्यचक्रावर खाली उतरणारा साप म्हणजे टायफॉन, वर चढणारा कोल्हेतोंड्या हर्मानुबिस, माथ्यावर स्फिंक्स. आणि वेट स्वतःच लिहितात की इजिप्तची चिन्हं कामाची असतील तर वापरायला हरकत नाही, मात्र त्यावरून उगम इजिप्तचा असं कुणी समजू नये. रथाच्या पानावर, पुढच्या बाजूला पंखांच्या सूर्याखाली जे चिन्ह आहे, ते तर पॉल फॉस्टर केस या अमेरिकी अभ्यासकाने सरळ लिंग आणि योनी म्हणून वाचलं. मी ते भिंगाखाली धरून पाहिलं. आमच्या गावच्या रामेश्वराची पिंडी पाहिलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

स्मिथ यांची चित्रं एका नजरेत बोलतात आणि मिथिक टॅरोची तशी नाहीत, हे मान्य करायला हवं. न्यूवेल यांची माणसं थोडी ताठ आहेत, चेहरे सारखे वाटतात आणि पार्श्वभूमी बऱ्याच पानांवर तीच ती. चित्रकलेसाठी संच घेणाऱ्याने दुसरा बघावा. इथे घ्यायची ती गोष्ट.

आणि गोष्ट सगळ्यांत चांगली उतरलीय ती छोट्या पानांत, ज्यांच्याकडे परीक्षणं करणारे लक्षच देत नाहीत. चार रंग, चार कथा. पेल्यांचा रंग इरोस आणि सायकीचा, दांड्यांचा जेसन आणि त्याच्या आर्गो जहाजाचा, नाण्यांचा डीडलस या कारागिराचा. तलवारींचा रंग ओरेस्टीसचा, आणि तो मला अजूनही एका बैठकीत वाचवत नाही. बाप ट्रॉयहून परत येतो, आई त्याला मारते. अपोलो मुलाला सांगतो, बापाचा सूड घे. मुलगा आईला मारतो आणि मातृहत्या करणाऱ्याचा पाठलाग करणाऱ्या एरिनीज, सूडाच्या देवी, त्याला वेड लागेपर्यंत पळवतात. शेवट अथेन्सच्या न्यायसभेत. मतं समसमान पडतात आणि अथीनाच्या मताने तो सुटतो.

मी कोकणातली आहे. आमची भूमीच परशुरामाची. बापाच्या शब्दाखातर रेणुकेवर परशू उगारणारा मुलगा आम्हाला लहानपणापासून ठाऊक. आमच्या कथेत जमदग्नी प्रसन्न होतो, परशुराम वर मागतो आणि आई उठून बसते, तिला मारल्याचं आठवतही नाही. ओरेस्टीसची आई उठत नाही. तलवारींची दहा पानं ओळीने मांडली की हा फरक अंगावर येतो: आमच्याकडे वर आहे, त्यांच्याकडे खटला. गंजिफांतल्या परशुरामाच्या रंगाची खूण परशूच आहे. आजोबांच्या पेटीतला त्या रंगाचा राजा आता माझ्याकडे असतो आणि तलवारींची मांडणी करताना मी तो शेजारी ठेवते. याचा टॅरोशी संबंध काय, असं नवऱ्याने विचारलं होतं. त्याला दोन्ही गोष्टी ओळीने सांगितल्या, मग तो उठून गेला नाही.

मोठ्या पानांतल्या जोड्यांबद्दल थोडं. पोपच्या जागी कायरॉन बसवणं ही या संचातली सर्वांत धाडसी आणि सर्वांत नेमकी निवड. अर्धा घोडा, अकिलीस आणि अस्क्लेपियस यांचा गुरू, हेराक्लीसच्या विषारी बाणाने चुकून जखमी झालेला, अमर असल्यामुळे मरता न येणारा. दुसऱ्यांना बरं करणारा, आणि स्वतःची जखम बरी न होणारा. माझं ते पान कोपऱ्यावर सगळ्यांत जास्त झिजलंय. प्रेमिकांच्या पानावर पॅरिसचा निवाडा आहे, तीन देवींतून एकीला सफरचंद द्यायचं. मार्सेय या नावाच्या जुन्या फ्रेंच टॅरो पत्त्यांवर याच पानात दोन बायकांमध्ये उभा राहिलेला तरुण असायचा, म्हणजे हे पान मुळात निवडीचंच. वेट यांनी तिथे आदम-हव्वा आणले, मिथिक टॅरो पुन्हा निवडीकडे गेला.

हर्मिटच्या, म्हणजे एकांतवासी म्हाताऱ्याच्या, जागी क्रोनस पाहून मी सुरुवातीला चिडले होते. स्वतःची पोरं गिळणारा बाप आणि कंदील घेऊन वाट दाखवणारा म्हातारा, यांचा मेळ कसा? वहीत "जबरदस्ती" असं लिहिलंय, तारखेसह. नंतर कळलं की सर्वांत जुन्या इटालियन पानांत या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नसून वाळूचं घड्याळ आहे. तो काळ होता. आणि युरोपात काळ आणि सॅटर्न, म्हणजेच क्रोनस, यांची सरमिसळ तेव्हाच झाली होती. तो शब्द मी खोडला.

दोन जोड्या मात्र मला आजही पटत नाहीत. एक, मृत्यूच्या पानावर हेडीस. हेडीस मेलेल्यांचा राजा आहे, तो कुणाला न्यायला येत नाही. ग्रीकांकडे न्यायला येणारा वेगळा आहे, थॅनाटॉस, झोपेचा भाऊ. होमरच्या काव्यात हे दोघे भाऊ युद्धात पडलेल्या सार्पेडॉनचा देह उचलून घरी नेतात, इतक्या हळुवारपणे. आपल्याला ही चूक खटकत नाही, कारण आपला यम राजाही आहे आणि रेड्यावरून न्यायलाही तोच येतो. पण पुस्तक ग्रीकांचं म्हणवतं तर त्याने थॅनाटॉसला जागा द्यायला हवी होती. दुसरं, उलटा टांगलेला माणूस म्हणून प्रोमिथियस. कड्याला जखडलेला, गरुड यकृत खातोय. टांगलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर स्मिथ यांनी जी शांती काढलीय ती इथे कुठून येणार? ज्ञानासाठी नऊ रात्री झाडाला स्वतःहून लटकणारा ओडिन इथे हवा होता. तो उत्तरेकडचा, ग्रीक नव्हे, म्हणून बाहेर राहिला. सगळा संच एकाच पुराणात बांधून घेतल्याची ही किंमत.

इंग्रजी कितपत लागतं असं मला दोघींनी विचारलंय. पुस्तकाची भाषा कठीण नाही, पण वाक्यं लांब आहेत आणि मनोविश्लेषणाचे शब्द वरचेवर येतात. गोष्टींचा भाग दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्याला जमेल. अर्थांचा भाग मी पहिल्या वर्षी जेमतेम समजून घेतला. पानं माझ्या हाताला जरा मोठी आहेत, पत्त्यांसारखी झरझर पिसता येत नाहीत, टेबलावर पसरून गोल फिरवून मिसळावी लागतात. पावसाळ्यात ओलाव्याने थोडी वाकतात, तेव्हा मी त्यांवर शब्दकोश ठेवते. जिला पटकन "हो की नाही" हवंय तिने हा संच घेऊ नये. जिला गोष्टी आवडतात, तिने नकली टाळून, थोडे जास्त पैसे मोजून जरूर घ्यावा.

शेवटी त्या पानाबद्दल, ज्याच्यावरून मी या संचावर अजून नाराज आहे. डेव्हिल, सैतान. तिथे गुहेत बासरी वाजवणारा पॅन, समोर साखळीत बांधलेले स्त्री-पुरुष. पुस्तक पॅनची बाजू घेतं, तो वाईट नाही, आपण त्याला कोंडल्यामुळे तो भीतिदायक झाला, असं समजावतं. तरी पानाचं नाव तेच राहिलं. पॅन आर्केडियाच्या डोंगरातल्या मेंढपाळांचा देव, बकऱ्याचे पाय, शिंगं, दुपारच्या शांततेत अचानक दचकवणारा. शिंगं आणि खूर ख्रिस्ती चित्रकारांनी सैतानाला दिले. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही या गूढविद्येच्या फ्रेंच लेखकाने बोकडाच्या डोक्याचा बॅफोमेट काढला आणि वेट यांनी त्याला मेंडीसचा बोकड म्हणून पानावर बसवला. मेंडीस हे इजिप्तमधलं शहर. तिथला देव मेंढ्याच्या रूपातला होता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने तो बोकड म्हणून लिहिला आणि वर पॅनशी जोडला. म्हणजे एका गावाचा मेंढा, दुसऱ्या डोंगराचा बोकड, दोघेही आपापल्या लोकांचे राखणदार, आणि दोघांना मिळून एक सैतान. पेगन हा शब्दही लॅटिन पागानुस वरून आलाय, अर्थ खेडवळ. गावदेवांची अशीच गत व्हायची.

वेंगुर्ल्याजवळ आरवलीला आमचा वेतोबा आहे. बाहेरच्या माणसाला सांगितलं की हा वेताळ, भुतांचा राजा, तर तो एक पाऊल मागे सरतो. आम्ही त्याला केळ्यांचा घड देतो आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतो, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. गेल्या मे महिन्यात मुलगी हॅम्बर्गहून आली होती, तिला घेऊन गेले. देवळात ठेवलेल्या चपलांचे तळवे तिने हात लावून पाहिले. घरी आल्यावर मी पुस्तक काढलं, डेव्हिलच्या प्रकरणावरचं शीर्षक पेन्सिलीने खोडलं आणि तिथे "पॅन" लिहिलं. जुन्या मालकाच्या खुणांच्या शेजारी.